माणूस उसात पळाला

मोमीनसरांनी आयुष्यात एक दिवसही कुठल्या शाळेत शिकवलं नाही, तरी कोर्टाच्या रस्त्यावरचे वकील, टायपिस्ट, झेरॉक्सवाले सगळे त्यांना सरच म्हणत. ते भाषांतरकार होते. साक्षी, पंचनामे, खरेदीखतं असले मराठी कागद वरच्या कोर्टात लावायचे असले की इंग्रजीत करून द्यावे लागतात. नगरचे निम्मेअधिक वकील त्यासाठी सरांकडे यायचे. सर भाषांतर करायचे, मी टाईप करायचे, आणि शेवटच्या पानावर ‘मूळ मजकुराप्रमाणे खरे भाषांतर’ असा शिक्का मारून सर सही करायचे.

खोली पहिल्या मजल्यावर होती, जेमतेम आठ बाय दहाची. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि दाराच्या मागे सरांची खुर्ची. दार आत उघडायचं. त्यामुळे सर उठून उभे राहिल्याशिवाय कुणाला आत येता यायचं नाही की बाहेर जाता यायचं नाही. दिवसातून वीस वेळा ते उठायचे, खुर्ची पोटाशी धरून भिंतीला चिकटायचे आणि माणूस गेला की पुन्हा बसायचे. मी एकदा म्हटलं, “सर, टेबलं फिरवून घेऊ या का?” तर म्हणाले, “उठतो तेवढंच चालणं होतं, ताई.”

मी देवळाली प्रवराहून रोज एसटीनं येत असे. मुलं मोठी झाली होती, बी. ए. इंग्रजीचं सर्टिफिकेट ट्रंकेत पडून होतं आणि टायपिंग येत होतं, एवढ्या भांडवलावर सरांनी मला ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी, परीक्षा म्हणून, मी स्वतः भाषांतर करून टाईप केलेलं पान त्यांनी लाल पेन्सिलीनं गोल गोल करून परत दिलं. स्पेलिंग एकही चुकलेलं नव्हतं. सगळे गोल इंग्रजीतल्या ‘द’ या शब्दाभोवती होते.

“हे एवढे ‘द’ कुठून आणलेत, ताई?”

“सर, इंग्रजीत असतातच ना ते.”

“असतात. पण मीठ असतं म्हणून आपण चहात टाकतो का?”

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते मला कॉलेजात तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मराठीत आपण ‘विहीर’ म्हणतो आणि मोकळे होतो. इंग्रजी तिथंच अडवते. कुठली तरी एक विहीर असेल तर ‘अ’ लावा. ऐकणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला, दोघांनाही कुठली ते ठाऊक असेल तर ‘द’ लावा. काही न लावता पुढं जायला परवानगी फार थोड्यांना. मुळा नदीला ‘द’ लागतो, प्रवरेला लागतो, राहुरीला लागत नाही. नगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा सगळे शिक्के बदलावे लागले. तेव्हा सर शिक्केवाल्याला म्हणाले, “नाव काहीही करा, शहराला ‘द’ लावू नका म्हणजे झालं.” शिक्केवाल्याला काही कळलं नाही. त्यानं मान डोलावली.

तुरुंगाचा नियम त्यांचा विशेष आवडता होता. ‘इन प्रिझन’ म्हटलं तर माणूस शिक्षा भोगतोय. ‘इन द प्रिझन’ म्हटलं तर तो भेटायला गेलेला असेल, नळ दुरुस्त करायला गेलेला असेल. “एवढासा शब्द, पण संध्याकाळी घरी जायचं की नाही ते तो ठरवतो,” असं म्हणून ते हसायचे. तेव्हा मीही हसायचे.

हा नाद त्यांच्या बोलण्यातही शिरला होता. ते आल्या आल्या मी सांगितलं, “सर, वकील येऊन गेले,” की लगेच, “कुठले तरी, की ते?” रस्त्यानं चालताना दुकानांच्या पाट्या वाचायचे. एका केशकर्तनालयाच्या पाटीवर सुरुवातीलाच ठळक ‘द’ होता. तिथं थांबून म्हणाले, “घ्या, याची ओळखच आहे साऱ्या जगाला.” एकदा वाटणीपत्राचं भाषांतर चाललं होतं. त्यात ‘विहिरीत निम्मा हिस्सा’ एवढंच लिहिलेलं. सरांची पेन्सिल थांबली. त्यांनी वकिलाकडून पक्षकाराचा नंबर घेतला आणि फोन लावला.

“तुमच्या जमिनीच्या गटात विहिरी किती?”

पलीकडून माणूस घाबरून म्हणाला, “येकच हाय साहेब. ती बी कोरडी.”

“मग काही हरकत नाही,” असं म्हणून सरांनी फोन ठेवला आणि मला खूण केली. ‘द.’

ठाऊक नसेल तर विचारायचं, ही त्यांची रीत होती. आणि साक्षीच्या कागदांत नेमकं तेच करता येत नाही. साक्षीदारानं कोर्टात जे सांगितलं ते सांगून झालं. त्याला बाहेर गाठून ‘तुला काय म्हणायचं होतं’ असं विचारणं म्हणजे गुन्हा. साक्षीचे कागद आले की सर गप्प गप्प असायचे. डबासुद्धा उभ्या उभ्या खाऊन घ्यायचे.

पटारे वकिलांनी राहुरी तालुक्यातल्या एका खुनाच्या खटल्याचे कागद आणले, ते असेच. संतोष नावाच्या तिशीतल्या माणसाला खालच्या कोर्टात जन्मठेप झाली होती. पटारे त्याचे वकील. अपील केलं होतं आणि अपील चालेपर्यंत जामीन मिळावा म्हणून अर्ज करायचा होता. कागद दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं जायला हवे होते. मुख्य साक्ष होती कौसाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईची. ती शेळ्या चारत होती. तिनं सांगितलं होतं की सकाळी एक माणूस बांधावर बसलेला पाहिला. तो माणूस संतोष होता हे तिनं कोर्टात ओळखून दाखवलं होतं, आणि संतोषही नाही म्हणत नव्हता. शेत त्याच्या चुलत्याचं, तो तिथं बसणं काही विशेष नव्हतं. पुढं ती म्हणाली होती, मग ओरडण्याचा आवाज आला. आणि त्यापुढचं वाक्य होतं: ‘माणूस उसात पळाला.’

‘तो’ नाही, ‘एक’ नाही, ‘तोच’ नाही, ‘दुसरा’ नाही. उलटतपासणीतही कुणी विचारलं नव्हतं. मराठीत वाचणाऱ्याला तिथं अडल्यासारखं काही वाटतच नाही.

सर त्या वाक्यावर थांबले. संध्याकाळ झाली होती. दाराबाहेर पटाऱ्यांचा कारकून ताटकळत उभा होता, आणि माझी साडेसहाची एसटी चुकणार होती.

“ताई, इथं काय घालू?”

“‘द’ घाला ना सर. आधी आलाय ना तो माणूस. पुढं जाऊ या.”

हे मी म्हणाले. व्याकरणाच्या पुस्तकातलंच म्हणाले. आधी उल्लेख आला की पुन्हा ‘द’. सरांनी कागदाकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी टाईप केलं, त्यांनी सही केली, मला गाडी मिळाली.

दीड महिन्यानं पटारे हुकमाची प्रत घेऊन वर आले. जामीन नाकारला होता. हुकमात तीन-चार कारणं होती आणि त्यातलं एक हे होतं की साक्षीदाराच्या म्हणण्याप्रमाणे बांधावर बसलेला तोच माणूस आरडाओरड्यानंतर उसात पळाला. खाली आमचं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं दिलेलं होतं.

सरांनी ते दोनदा वाचलं. मग कपाटातून मूळ मराठी साक्षीची झेरॉक्स काढली आणि पटाऱ्यांपुढं ठेवली.

“वकीलसाहेब, बाई असं म्हणालेली नाही. हे मी म्हणालोय.”

पटाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, “अर्जाला लावताना माझ्या नजरेतनं सुटलं, सर. माझीच चूक.”

“दुरुस्ती देऊ या. आजच करतो.”

“काय दुरुस्ती देणार? ‘द’च्या जागी ‘अ’?”

सरांनी पेन्सिल उचलली. पटारे थांबले नाहीत.

“ते तरी बाई म्हणालीय का? आणि आता दिली तर समोरचा वकील काय म्हणेल? जामीन गेला म्हणून भाषांतर फिरवलं. मग तुमची बाकीची पानंही कुणी खरी धरणार नाही. अपील चालेल तेव्हा बघू. मूळ कागद आहेतच तिथं.”

“अपील कधी चालेल?”

“नंबर लागेल तेव्हा.”

पटारे निघाले. सर उठले, खुर्ची पोटाशी धरून उभे राहिले, पटारे गेले. पण सर लगेच बसले नाहीत. दार लागलं तरी तसेच भिंतीला टेकून उभे होते.

त्या दिवशी मी म्हणायला हवं होतं की सर, ‘द’ घाला असं मी सांगितलं. मी म्हणाले नाही. आणि त्यांनीही ते कधी म्हटलं नाही. पुढच्या तीन वर्षांत एकदाही, रागाच्या भरातसुद्धा नाही.

त्यानंतर ते बदलले. काम चालू होतं, पण एका पानाला तास लागू लागला. पाट्या वाचणं थांबलं. त्यांची बायको आधीच वारली होती आणि मुलगी आयेशा पुण्याला होती. ती दर रविवारी फोन करायची, “अब्बा, खोली सोडा, इकडे या.” ते म्हणायचे, “एक काम राहिलंय, बेटा. ते झालं की निघतो.” ती मला फोन करून विचारायची, “मावशी, कोणतं काम राहिलंय हो?” मी काय सांगणार?

पटारे एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून मोबाईल घेऊन आले. म्हणाले, “सर, आता हे यंत्रच सगळं करतं. दोन सेकंदात.” सरांनी त्यात ते वाक्य टाकायला लावलं. माणूस उसात पळाला. मोबाईलनं न अडखळता ‘द’ लावून उत्तर दिलं.

सर त्या पडद्याकडे बघत म्हणाले, “यालाही माहीत नाही. पण याला झोप लागत असेल.”

एका रविवारी सकाळी ते देवळालीला आमच्या दारात उभे. मी कधी त्यांना कोर्टाच्या रस्त्याबाहेर पाहिलेलंच नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. माझ्या मिस्टरांनी त्यांना बसवलं, चहा दिला. चहा संपल्यावर मला म्हणाले, “ताई, कौसाबाईचं गाव इथून जवळ आहे ना? माझ्याबरोबर याल का? एकटं गेलेलं बरं दिसणार नाही.”

“सर, तिला विचारायचं नसतं.”

“विचारणार नाही. फक्त बघून येऊ.”

काय बघणार, ते मी विचारलं नाही. रिक्षानं फाट्यापर्यंत गेलो आणि तिथून चालत. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, डोक्याच्याही वर. रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा आम्हाला उसात शिरून उभं राहावं लागलं. पानं कापतात म्हणून मी पदर तोंडावर घेतला. सर आत वळून बघत होते. दोन हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं.

कौसाबाईचं घर वस्तीवर, पत्र्याचं. दारात लिंबाखाली ती शेळीच्या पिलाला पाला घालत बसली होती. वाळलेली, पण नजर तीक्ष्ण.

“कोन पायजे?” ती म्हणाली.

“पाणी मिळेल का, आजी?” सर म्हणाले.

तिनं उठून तांब्या भरून आणला. सर खाली बसून प्यायले. ती समोर बसून त्यांच्याकडे बघत होती.

“कोनच्या गावचं तुमी?”

“नगरचे.”

“नगरला म्या बी गेल्ते. कोर्टात.” ती आपण होऊनच बोलू लागली. “लई इचारलं मला त्यांनी. उभं करून इचारलं. काय सांगितलं आन काय न्हाई, आता मलाबी याद न्हाई.”

मी सरांकडे पाहिलं. ज्या एका माणसाला त्या वाक्याचा अर्थ ठाऊक असेल ते समोर दोन हातांवर बसलं होतं आणि स्वतःहून बोलत होतं. एक प्रश्न, चार शब्दांचा. सरांनी ओठ उघडले. मग तांब्या खाली ठेवला, “बरं वाटलं, आजी,” म्हणाले आणि उठले.

आम्ही वळलो. पाच-सहा पावलं गेलो असू, तेवढ्यात घरातून सुनेचा आवाज आला, “आत्याबाई, कोन हाय?”

“कोनी न्हाई,” कौसाबाई म्हणाली. “मानूस आल्ता पानी प्यायाला.”

सर जागच्या जागी थांबले. त्यांनी माझा दंड धरला. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

“ऐकलंत? कोण मी तिचा? कोणीच नाही. कुठला तरी. आणि काय म्हणाली? नुसतं ‘मानूस’.”

“पण सर, म्हणून त्या दिवशीही तसंच असेल असं नाही ना.”

“नाही,” ते म्हणाले. “तसंच असेल असं नाही. पण तसं असू शकतं. मी ते दार बंद केलं, ताई.”

परतताना फाट्यावर रिक्षा मिळेना. उन्हात पाऊण तास उभे राहिलो. मी मनातल्या मनात शंभर वेळा माझं ते वाक्य उच्चारलं. “‘द’ घाला ना सर.” बाहेर आलं नाही.

सोमवारी त्यांनी स्वतः प्रतिज्ञापत्र लिहिलं. मला टाईप करायला दिलं नाही. एका बोटानं, दुपारभर बसून त्यांनीच केलं. त्यात एवढंच होतं की साक्षीदाराच्या मूळ वाक्यात निश्चितपणा नाही आणि अनिश्चितपणाही नाही. इंग्रजीत दोहोंपैकी एक घ्यावं लागतं. मी जे घेतलं ते माझं आहे, साक्षीदाराचं नाही. खाली सही.

पटारे म्हणाले, “सर, हे दिलंत तर तुमच्या शिक्क्याला किंमत राहायची नाही.”

“शिक्का खरा आहे म्हणून तर देतोय.”

पटारे म्हणाले तसंच झालं. कागद दाखल झाला आणि गोष्ट कोर्टाच्या रस्त्यावर पसरली. वकील वाईट बोलले नाहीत, उलट कौतुकच केलं. जिन्यात भेटले की नमस्कार करायचे. पण कागद दुसरीकडे नेऊ लागले. ज्याचं भाषांतर उद्या तोच खोडेल, त्याच्याकडे कोण येणार? सरांना दिवसातून वीसदा उठावं लागायचं, ते चारदा लागू लागलं. मग दोनदा. मला पटाऱ्यांच्या ऑफिसात काम मिळत होतं. मी गेले नाही. ते चांगुलपणानं केलं असं कुणी समजू नये. मला त्या खोलीतून उठता येत नव्हतं.

अपील चाललं ते तिसऱ्या वर्षी. पटारे रात्रीच्या गाडीनं न थांबता आले आणि सकाळी थेट वर. संतोष सुटला होता. सर उठायचंच विसरले, त्यामुळे पटाऱ्यांना अर्धवट उघड्या दारातूनच सांगावं लागलं. कोयता जप्त केल्याचा पंचनामा टिकला नव्हता, पंच फुटले होते, वैद्यकीय अहवालातली वेळ जुळत नव्हती. संशयाचा फायदा दिला होता.

“आणि ते वाक्य?” सरांनी विचारलं.

“त्याचा उल्लेखच नाही, सर. कौसाबाईच्या साक्षीवर जायची गरज नाही असं म्हटलंय.”

सरांनी निकालाची प्रत मागून घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. पटाऱ्यांनी पेढे मागवले. सरांनी अर्धा खाल्ला. त्यांच्या ‘द’नं संतोष आत राहिला होता का? ‘द’ नसता तरी बाकीची कारणं होतीच. त्यांच्या कागदानं तो सुटला का? तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. तीन वर्षांचं ओझं उतरवायला ते गेले आणि उतरवून ठेवायला कुणी जागाच दिली नाही. त्या संध्याकाळी आयेशाला फोन करून त्यांनी सांगितलं, “येतो पुढच्या आठवड्यात.”

ते गेले आणि पुण्यालाच राहिले. मी आता त्याच खोलीत, त्यांच्या खुर्चीवर बसते. टेबलं फिरवून घेतली आहेत. आयेशाकडून कळतं की तब्येत बरी आहे, पण बोलणं कमी झालंय. मी दोनदा फोन हातात घेतला, त्यांना माझं ते राहिलेलं सांगायला. काय उपयोग, असं वाटून ठेवून दिला. ते आठवत असणारच त्यांना. मला त्यांची शेवटची आठवण राहिलीय ती त्यांनी खोली सोडायच्या आदल्या दिवसाची.

संतोष आला होता. त्याला मी फोटोतही पाहिलेलं नव्हतं. केस कानशिलावर पांढरे झालेले, शर्ट नवा, घडीच्या खुणा तशाच. दारात चपला काढून उभा राहिला. सर उठले, त्याला आत घेतलं, माझ्या शेजारी बसवलं.

“वकीलसाहेबांनी सांगितलं,” तो म्हणाला. “तुमी लिहून दिलं म्हनून.”

“माझ्यामुळं काही झालेलं नाही. निकालात माझं नाव नाही.”

“तरी बी. कोन देतंय असं लिहून?” तो जरा पुढे सरकला. मग एकदम म्हणाला, “सर, मला येवढ्या वर्षांत कुनी इचारलंच न्हाई. वकिलानं सांगितलं, येवढंच बोल. पोलिसांनी त्यांचंच लिहिलं. तुमाला सांगतो, त्या दिवशी काय झालं—”

“नको,” सर म्हणाले.

“न्हाई, आईकून तर घ्या—”

“नको, बाबा.” त्यांनी हात वर केला होता. “चहा घे.”

मी थर्मासमधला चहा ओतला. संतोषनं दोन घोटांत संपवला, वाकून सरांच्या पायाला हात लावला. सर उठले, खुर्ची पोटाशी धरली, तो गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली आणि थांबली.

सर बसले नाहीत. दार उघडं ठेवूनच ते त्याच्या मागे निघाले, अनवाणीच. मी गॅलरीत आले. खाली संतोष गेटापाशी उभा होता, कुणीकडे जायचं हे न कळल्यासारखा. सर त्याच्या मागे आठ-दहा पावलांवर येऊन थांबले. त्याला हाक मारता आली असती, उसात पळाला तो कोण हे विचारता आलं असतं. त्यांनी एकदा हात उचलला, मला दिसला. रस्त्यावर वकील, पक्षकार, रिक्षा यांची ही गर्दी. संतोषनं मागे वळून पाहिलं नाही. तो गर्दीत शिरला आणि डावीकडे वळून दिसेनासा झाला.

सर तिथंच उभे होते. लोक त्यांना वळसा घालून जात होते.